दुहेरी यंत्राची मोटार आणि आपले तीन ऋतू

खर्च कमी करणे ही एक गोष्ट आणि खर्च कशाने होतो हे समजणे ही दुसरी. पहिली गोष्ट दुसरीवाचून साधत नाही, हे ज्यांस घर चालवावयाचे असते त्यांस निराळे सांगावयास नको. दूध, धान्य, वीज, मुलांची फी यांचा हिशेब बहुतेक घरांत ठेविला जातो. पेट्रोलाचा मात्र क्वचितच. टाकी भरली, पैसे दिले, पावती चुरगाळून टाकिली, की संपले. मग वर्षअखेर, 'गाडी फार खाते' एवढे एकच वाक्य उरते.

हायब्रिड मोटारी आता कळव्याच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याविषयी एक प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारितात. कंपनीच्या पत्रकात लिटरला अठ्ठावीस किलोमीटर असा आकडा असतो. प्रत्यक्षात कोणास बावीस पडतात, कोणास अठराच. शिवाय हा आकडा स्थिर नसतो. मे महिन्यात एक, श्रावणात दुसरा, पौषात तिसरा. गाडी तीच, चालवणारा तोच, रस्ताही तोच. मग हा फरक कोठून येतो? प्रश्न बाजारातला असला तरी त्याचे उत्तर आमच्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. म्हणून या अंकात त्यास जागा दिली आहे.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेऊ. हायब्रिड हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मोटारीने नव्हे, तर ज्वारीने पोचविला. १९६४ पासून संकरित ज्वारीचे बी आले, तेव्हापासून दोन जातींच्या संकरास लोक हायब्रिड म्हणू लागले. मोटारीतही दोन जातींचा संकर आहे: पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर. कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फर्डिनांड पोर्शे याने अशी गाडी करून दाखविली होती. परंतु ती घरोघर पोचावी इतकी स्वस्त व भरवशाची होण्यास १९९७ साल उजाडले. त्या वर्षाच्या डिसेंबरात जपानात टोयोटा कंपनीची प्रियस बाजारात आली. आपल्याकडे ती २०१० साली आली, पण किंमत ऐकूनच लोक मागे सरले. २०१३ पासून बंगळूरजवळच्या बिडदी येथे कॅमरी गाडीची हायब्रिड आवृत्ती जुळवली जाऊ लागली आणि २०२२ साली होंडा सिटी, टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड व्हिटारा या गाड्या हायब्रिड रूपात आल्या, तेव्हा मध्यम स्थितीतील कुटुंबांस तिचा विचार करिता येऊ लागला. येथे एक सावधगिरीची सूचना. २०१५ च्या सुमारास आलेल्या काही गाड्यांवरही हायब्रिड असे लिहिलेले असे. त्यांतील लहानशी मोटर इंजिनास केवळ हातभार लावी, गाडी एकटी ओढू शकत नसे. हा लेख त्यांच्याविषयी नाही. जी गाडी इंजिन बंद ठेवून काही अंतर केवळ विजेवर चालू शकते, पण भिंतीतल्या सॉकेटातून वीज घेत नाही, तीच येथे अभिप्रेत आहे.

या शेवटच्या वाक्यात सर्व मर्म आहे. 'आमची गाडी अर्धा वेळ विजेवर चालते, म्हणजे अर्धा प्रवास फुकट', असे कित्येकजण अभिमानाने सांगतात. तो फुकट नव्हे. गाडीत बाहेरून पेट्रोलाखेरीज काहीच येत नाही. जी वीज बॅटरीत दिसते तीही कधी ना कधी पेट्रोलापासूनच झालेली असते. बॅटरी ही विहीर नव्हे, रांजण होय. ग्रँड व्हिटाराच्या बॅटरीची धारणाशक्ती ०.७६ किलोवॅट-तास आहे. एक किलोवॅटची शेगडी पाऊण तास पेटती ठेविली की संपेल, एवढीच. शिवाय बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून गाडीतील नियंत्रक तो रांजण कधी तळापर्यंत रिकामा होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. सामान्यतः मधल्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच व्यवहार चालतो. मग इतक्या लहान रांजणाने काटकसर होते तरी कशी?

ती दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग असा. पेट्रोलाचे इंजिन मध्यम भाराखाली उत्तम काम करिते. मुंगीच्या गतीने चालताना किंवा सिग्नलला उभे असताना ते निव्वळ इंधन जाळीत राहते. अशा वेळी इंजिन झोपवून मोटरीकडून काम घ्यावयाचे आणि इंजिन जागे असेल तेव्हा त्यास त्याच्या आवडीच्या भारावर ठेवून उरलेली शक्ती रांजणात भरावयाची. ओढण्यास मोटरीचे बळ सोबत असल्यामुळे इंजिनही निराळ्या पद्धतीचे, म्हणजे कमी जोराचे पण अधिक काटकसरी, ठेविता येते. जेम्स ॲटकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८८२ च्या सुमारास अशी रचना सुचविली होती की, सिलिंडरातील वायू जेवढा दाबला जातो त्याहून अधिक प्रसरण पावावा. आजच्या हायब्रिड इंजिनांत आत घेण्याची झडप उशिरा मिटवून तोच परिणाम साधतात. साधे पेट्रोल इंजिन इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग कामास लावते. ही नवी इंजिने उत्तम स्थितीत चाळीस टक्क्यांपर्यंत जातात.

दुसरा मार्ग ब्रेकचा. त्याचे गणित वहीत करण्याजोगे आहे. माणसांसह गाडीचे वजन १,४०० किलो व वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ११.१ मीटर धरू. गतिज ऊर्जा अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणून ती सुमारे ८६,००० ज्यूल येते. एक लिटर पेट्रोलात अंदाजे ३ कोटी २० लाख ज्यूल उष्णता असते. तिच्यापैकी एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १ कोटी ७ लाख ज्यूल, चाकांस मिळते असे धरिले, तर ४० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबणे म्हणजे सुमारे ८ मिलिलिटर पेट्रोल, अर्थात चहाचे दीड चमच्याहून थोडे अधिक, ब्रेकच्या तव्यावर तापवून हवेत सोडणे होय. कळवा नाक्यावरून खाडी ओलांडून ठाण्यात शिरेपर्यंत गर्दीच्या वेळी किती वेळा थांबावे लागते ते वाचकांनी स्वतःच मोजावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये खाडीवर तिसरा पूल खुला झाला, तरी थांबण्याचा योग टळलेला नाही. तीस वेळा थांबलो तर पाव लिटर गेले. हायब्रिड गाडीत ब्रेक हलका दाबला की मोटर उलट भूमिका घेऊन जनित्र बनते, चाकांस आवरते आणि त्या ऊर्जेचा निम्मा किंवा काहीसा अधिक भाग रांजणात परत घालते.

कळवा स्थानकावर उभे राहून ज्यांनी धीम्या लोकलची वाट पाहिली आहे त्यांनी ही युक्ती नित्य पाहिली आहे, फक्त तिच्याकडे लक्ष दिले नसेल. २००७ पासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ज्या नव्या पद्धतीच्या गाड्या आल्या, त्या स्थानकात शिरताना वीज घेत नाहीत, उलट वरच्या तारेत परत देतात. घेतलेल्या विजेपैकी तीस टक्क्यांच्या आसपास वीज अशा रीतीने परत मिळते. लोकलला रांजण वाहून न्यावा लागत नाही, कारण तिने परत दिलेली वीज त्याच तारेखालची दुसरी गाडी लगेच उचलते. मोटारीला शेजारी नाही. म्हणून तिचा रांजण तिच्याच पाठीवर.

येथेच चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा ठरतो. जनित्राच्या आवरण्याच्या शक्तीस मर्यादा असते. लांबून सिग्नल दिसताच पाय उचलून हलका ब्रेक लाविला, तर बहुतेक काम जनित्र करिते. शेवटच्या क्षणी जोराने दाबला, तर उरलेले सर्व काम साध्या घर्षणाच्या ब्रेककडे जाते आणि ते आठ मिलिलिटर पूर्वीसारखेच हवेत जातात. पुढच्या गाडीशी अंतर ठेवून चालणे हा आजवर केवळ सुरक्षिततेचा नियम होता, तो आता बचतीचाही झाला आहे. उलट, इंजिन जागे होऊ नये म्हणून मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत, गोगलगाईप्रमाणे वेग घेणे यात आम्हांस काही शहाणपण दिसत नाही. बॅटरी अशाने रिकामी होते आणि मग ती भरण्यास इंजिन लागतेच. पेट्रोलातून वीज, विजेतून रासायनिक ऊर्जा, पुन्हा वीज, पुन्हा गती, अशा प्रत्येक हस्तांतरात दलाली जाते. मध्यम जोराने वेग गाठावा आणि मग पाय सैल सोडावा, हे बरे.

जुन्या चालकांची एक सवय मात्र या गाडीत मोडावी लागते. उतारावर किंवा सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची ती सवय. बहुतेक हायब्रिड गाड्यांत न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. उतारावरील फुकटची वीज हातची जाते, आणि उभ्या गाडीत थंड हवेचे यंत्र चालू असेल तर रांजण रिकामा होत राहतो.

आता ऋतूंकडे वळू. कंपनीने जाहीर केलेला प्रमाणित आकडा, जसा ग्रँड व्हिटाराचा लिटरला २७.९७ किलोमीटर, हा खोटा नसतो. पण तो परीक्षागृहातला असतो. आपल्या देशातील अशा परीक्षा करणाऱ्या संस्थांत १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था प्रमुख आहे. तेथे गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या लोखंडी नळकांड्यांवर, ठरलेल्या वेगक्रमाने सुमारे वीस मिनिटे चालविली जाते; वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि थंड हवेचे यंत्र बंद असते. त्या खोलीत वैशाख नसतो आणि आषाढही नसतो. कळव्यात दोन्ही असतात.

उन्हाळ्यात सर्वांत मोठा खाणारा म्हणजे थंड हवेचे यंत्र. हायब्रिड गाडीत ते पट्ट्याने इंजिनास बांधलेले नसून विजेवर चालते, म्हणून इंजिन झोपले तरी आत गारवा राहतो. ही सोय आहे आणि हाच सापळाही. यंत्र सरासरी एक किलोवॅट घेते असे मानू. ताशी ३६ लाख ज्यूल झाले. तेवढी वीज पेट्रोलापासून करण्यास वर सांगितलेल्या हिशेबाने सुमारे एक तृतीयांश लिटर लागते. हे तासाचे भाडे आहे, किलोमीटरचे नव्हे, आणि येथेच सर्व फरक पडतो. यंत्र बंद असताना गाडी लिटरला २५ किलोमीटर देते असे धरा. मोकळ्या रस्त्याने ताशी ६० ने गेल्यास तासाला २.४ लिटर चालण्यास व ०.३३ लिटर गारव्यास. सरासरी २२ पडते. तीच गाडी गर्दीत ताशी १५ ने सरकली, तर चालण्यास ०.६ लिटर आणि गारव्यास तेवढेच ०.३३, सरासरी १६ वर येते. गाडीत बिघाड नाही, चालकाचाही दोष नाही. भाडे तासावर आणि हिशेब अंतरावर, एवढेच. ज्यांस मे महिन्यात विटावा ते ठाणे स्थानक एवढाच फेरा घालावयाचा आहे, त्यांच्या पदरात अठ्ठावीस पडणे शक्य नाही.

उपाय साधे आहेत. उन्हात तापलेली गाडी उघडताच काचा मिटून यंत्र पूर्ण जोराने लावू नये. दोन मिनिटे दारे-काचा उघड्या ठेवून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, कारण ती बाहेरच्या हवेहून कितीतरी अधिक तापलेली असते. सावली मिळेल तर चार पावले अधिक चालून सावलीतच गाडी उभी करावी. यंत्राचा काटा अठरावर न ठेविता पंचवीसच्या आसपास ठेवावा. आणि एक गोष्ट, जी पुष्कळांस ठाऊक नसते: अनेक हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीस थंड ठेवणारी हवा प्रवाशांच्या दालनातूनच, मागच्या आसनाजवळच्या जाळीतून घेतली जाते. त्या जाळीवर दप्तर, शाल किंवा बाजाराची पिशवी ठेविली की बॅटरीचा श्वास कोंडतो. बॅटरी फार तापली की नियंत्रक तिची देवघेव कमी करितो, इंजिन अधिक चालू लागते आणि सरासरी उतरते. वर्षानुवर्षे असे चालले तर बॅटरीचे आयुष्यही घटते. मागे बसणारी मुलेच ती जाळी मोकळी ठेवू शकतात, म्हणून हे वाक्य मुलांनी विशेष लक्षात ठेवावे. जाळीमागे धूळ साचते, तीही वेळोवेळी साफ करून घ्यावी.

पावसाळ्याचे स्वरूप निराळे. ठाण्याच्या बाजूस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ओल्या रस्त्यावर चाकास पाणी बाजूस सारीत जावे लागते, त्यात शक्ती जाते. काचेवरील वाफ घालविण्यास थंड हवेचे यंत्र लावावेच लागते. दिवे व काच पुसणारे हात दिवसभर चालू असतात. आणि खड्ड्यांमुळे वेग पुनःपुन्हा मोडतो. निसरड्या रस्त्यावर चाक घसरू लागले की नियंत्रक वीज परत घेण्याचे काम थांबवून सर्व भार साध्या ब्रेककडे देतो, आणि ते योग्यच आहे. उन्हाळ्यातील उष्णता गेल्याने बॅटरी मात्र सुखात असते. एकंदरीत पावसाळ्यातील घट उन्हाळ्याइतकी टोचत नाही, आणि जी होते तिच्याबद्दल हळहळण्यातही अर्थ नाही. पावसात घिसे गेलेल्या टायरांवर इंधन वाचविणे ही काटकसर नव्हे.

खरा धोका इंधनाचा नसून साचलेल्या पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाची आठवण या बाजूच्या प्रौढ मंडळींस अद्याप आहे. तेवढा नसला तरी मुसळधार पाऊस पडला की विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचते, हे सर्व जाणतात. साध्या गाडीचा चालक अशा पाण्यात इंजिनाचा आवाज ऐकत जातो. तो आवाज बदलला की सावध होतो. हायब्रिड गाडी निःशब्द शिरते. 'इंजिन बंदच आहे, विजेवर निघून जाऊ', असे वाटते. परंतु इंजिन केव्हा जागे करावयाचे हे चालक ठरवीत नाही, नियंत्रक ठरवितो. पाण्याच्या मध्यभागी, जोर अधिक लागताच, ते आपोआप सुरू होते आणि हवा घेण्याच्या नळीपर्यंत पाणी पोचले असेल तर हवेबरोबर पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरले की दट्ट्या अडतो, त्याचा दांडा वाकतो आणि जन्मभराची इंधनबचत एका मिनिटात खर्ची पडते. विजेचा धक्का बसेल या भीतीने लोक घाबरतात. त्या बाजूचे काम कारखान्यात बंदिस्त केलेले असते. तरीही बुडालेल्या गाडीस हात लावण्यापूर्वी जाणत्या मनुष्यास बोलवावे, आणि गाडीत कोठेही नारिंगी रंगाची जाड तार दिसल्यास तिला मुलांनी कधीही स्पर्श करू नये. तो रंग उच्च दाबाच्या विजेची खूण आहे. पाणी साचलेले दिसले तर खारेगावाच्या बाजूने वळसा घ्यावा. वळशाचे पेट्रोल स्वस्त पडते.

निःशब्दपणाचा आणखी एक धोका सांगून ठेवितो. गाडी उभी आहे, आवाज नाही, म्हणजे ती बंद आहे असे समजून कित्येकजण किल्ली खिशात घालून निघून जातात. गाडी चालू स्थितीतच राहिली तर काही वेळाने बॅटरी भरण्यास इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजात असे झाले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. अमेरिकेत किल्ली न फिरविता चालू होणाऱ्या गाड्या अशा चालू राहून माणसे दगावलेली आहेत. उतरण्यापूर्वी समोरील पाटीवरचा दिवा मालवला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. कानांवर विसंबू नये.

हिवाळा आपल्याकडे नावालाच. थंड देशांत तो हायब्रिड गाडीचा मोठा शत्रू असतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे तापमान २५ अंशांवरून उणे ७ अंशांवर गेले, तर शहरात साध्या गाडीची सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी आणि हायब्रिडची ३० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटते. थंडीने बॅटरीची देवघेव मंदावते आणि आतील माणसांस ऊब देण्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागते. तेथील आमच्या नातलगांस जानेवारीत जे सोसावे लागते ते आपणांस मे महिन्यात सोसावे लागते. कारणे मात्र अगदी उलट. कळव्यात पौषातल्या पहाटेसही पारा क्वचितच पंधराच्या खाली जातो. थंड हवेचे यंत्र बंद, बॅटरी सुखात, रस्ते कोरडे. वर्षातील उत्तम सरासरी बहुधा याच महिन्यांत मिळते.

तरी एक बारीक गोष्ट हिवाळ्यात निसटते. मे महिन्याच्या दुपारी, ३५ अंशांवर, टायरमध्ये ३३ पौंड हवा भरली. वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवून एकूण दाब ४७.७ झाला. जानेवारीच्या पहाटे तापमान १७ अंश आहे. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो, म्हणून ४७.७ ला २९० ने गुणून ३०८ ने भागावे, ४४.९ येतात. त्यांतून १४.७ वजा करिता उरतात ३०.२. टायरला छिद्र नाही, झडप गळत नाही, तरी जवळजवळ तीन पौंड हवा 'गेली'. टायर मऊ झाला की तो रस्त्यावर अधिक चेपतो, अधिक तापतो आणि इंधन अधिक मागतो. म्हणून ऋतू पालटताना, निदान दसऱ्यानंतर आणि संक्रांतीच्या सुमारास, पहाटे गाडी थंड असताना हवा तपासून घ्यावी.

इंधनाच्या बाजूनेही एक बदल झाला आहे, त्याचा दोष गाडीस लावू नये. आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलापेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणून अशा मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलापेक्षा सहा ते सात टक्के कमी उष्णता येते. जुन्या आकड्यांशी तुलना करिताना ही वजाबाकी आधी करावी. (यातील काही इथेनॉल आपल्याच महाराष्ट्रातील उसापासून येते, हे पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.)

प्रवासाची जातही पाहिली पाहिजे. हायब्रिडचे खरे राज्य शहरात, जेथे थांबणे-निघणे फार. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळणार काय? वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेले तर तो जवळजवळ १.९ पट होतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नाशिककडे जाणाऱ्यांस वेगाचा मोह अधिकच होतो. तेथे हायब्रिडची सरासरी साध्या चांगल्या गाडीच्या फार पुढे जाणार नाही. कसाऱ्याच्या जुन्या घाटाने उतरणाऱ्यांसाठी मात्र एक सुंदर गणित आहे. गाडी ३०० मीटर खाली उतरली असे धरू. १,४०० गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे सुमारे ४१ लाख ज्यूल. बॅटरीची पूर्ण धारणाशक्तीच २७ लाख. त्यातही वापरात सुमारे ११ लाख, आणि तीही घाटमाथ्यावर अर्धी भरलेलीच असते. वारा व रस्ता यांनी आपला वाटा घेतला तरी उरलेले रांजणात मावत नाही. रांजण भरला की जनित्राचे आवरणे थांबते आणि सर्व भार ब्रेकवर येऊ पाहतो. यासाठीच बऱ्याच गाड्यांत 'बी' अक्षराची खूण असते; ती लाविली असता इंजिनाच्या विरोधाने गाडी आवरली जाते व ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ती लावून बचत होत नाही.

आता किमतीविषयी, कारण पालकांचा अंतिम प्रश्न तोच असतो. हायब्रिड गाडी तिच्याच साध्या जोडीदारापेक्षा महाग पडते. अधिक किंमत दोन लाख रुपये, पेट्रोल लिटरला शंभर रुपये, साधी गाडी लिटरला १६ आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते, असे सोयीसाठी धरू. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाचे १७० लिटर, म्हणजे १७,००० रुपये वाचतील. दोन लाख परत मिळण्यास जवळजवळ बारा वर्षे लागतील. वर्षाला २५,००० किलोमीटर चालणाऱ्याचे तेच पैसे पाच वर्षांच्या आत परत येतील. रोज गर्दीतून लांब जाणाऱ्यास ही गाडी लाभते. जी रविवारी बाहेर निघते आणि बाकीचे दिवस सोसायटीच्या आवारात उभी असते, तिच्यासाठी कर्ज काढून दोन लाख अधिक देणे आम्हांस पटत नाही. मे महिन्यात गावी जाताना तिला तीन-चार आठवडे उभी ठेविली, तर तिची लहान बारा व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, हेही अशा कुटुंबांनी ध्यानात घ्यावे.

आणि ज्यांचे घर शाळेपासून एक-दीड किलोमीटरवर आहे, त्यांच्याविषयी थोडेसे. एवढ्या फेऱ्यात इंजिन पुरते तापतही नाही. थंड इंजिन अधिक पेट्रोल घेते आणि त्याच्या धुराचे शुद्धीकरण करणारे पात्रही तापल्यावाचून नीट काम करीत नाही. म्हणजे गाडी सर्वांत अधिक खाते आणि सर्वांत घाण धूर सोडते ती नेमकी शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर. पाऊस नसेल त्या दिवशी ही मुले पायी आली तर दोन्ही हिशेब सुटतात.

दहावीच्या विद्यार्थ्यांस एक काम देतो. घरी अशी गाडी असल्यास, नसल्यास शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या गाडीची, एक वही घालावी. गाडीतील पडद्यावर दिसणारी सरासरी उतरून घेऊ नये. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून जितके लिटर मावले त्यांनी मधल्या अंतरास भागावे. सोबत तारीख, दुपारचे तापमान, पाऊस होता की नाही, थंड हवेचे यंत्र किती वेळ चालले आणि टायरमधील हवा किती, ही सदरे असावीत. ज्येष्ठ, श्रावण आणि पौष या तीन महिन्यांत प्रत्येकी निदान तीन नोंदी झाल्या पाहिजेत. एका टाकीवरून काहीच ठरत नाही. वह्या माघ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणून द्याव्या.